कुणी कुणाला धडक दिली? घरबसल्या शर्यतींतल्या न्यायाचा इतिहास

"मामू, मैंने उसको छुआ भी नै!" रविवारी रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पोरानं गाडी ठोकली. ठोकलीच होती, पण घरातल्या घरात. जेवणाच्या टेबलाला घट्ट आवळलेलं स्टीअरिंग, मागे सरकू नयेत म्हणून भिंतीला टेकवलेले पेडल, आणि समोर मॉनिटर. देशभरातली वीस-बावीस मुलं दर रविवारी इंटरनेटवरून अशी शर्यत लावतात. आठ शर्यतींचा हंगाम, प्रत्येक शर्यतीला गुण, शेवटी विजेता. याला सिम रेसिंग म्हणतात. म्हणायला खेळ, पण त्यातली मुलं एखाद्या वळणाचा सराव तीन-तीन आठवडे करतात.

त्या रात्री सहाव्या शर्यतीत भाचा तिसरा आला होता. मग पंचांनी, म्हणजे त्यांच्या भाषेत स्टुअर्डनी, त्याला मागून धडक दिल्याबद्दल पाच सेकंदांचा दंड लावला आणि तो सातवा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला स्वतःच्या पडद्याचं चित्रीकरण पाठवलं. दोन गाड्यांमध्ये हातभर अंतर स्पष्ट दिसत होतं. नंतर त्यानंच, थोड्या नाइलाजानं, समोरच्या मुलाचं चित्रीकरणही पाठवलं. त्यात भाच्याची गाडी मागून सरळ आदळताना दिसत होती. दोन्ही चित्रफिती खऱ्या. कुणी काही कापलेलं नाही, जोडलेलं नाही.

इतिहास वाचणाऱ्याला परस्परविरोधी साधनं नवी नसतात. एकाच लढाईचं वर्णन फार्सी तवारिखेत एक आणि मराठी बखरीत दुसरं, हे आपण नेहमी पाहतो. पण तिथं लढाई एकच असते, सांगणारे दोन. इथं मला कळेना की मूळ घटना तरी एक होती का. त्या शोधात मी आठवडाभर वाचत बसलो आणि लक्षात आलं की या खेळाच्या नियमांचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

मोटारींच्या शर्यतीत नियमांचा वाद पहिल्या दिवसापासूनच आहे. २२ जुलै १८९४ रोजी 'ल पती जूर्नाल' या फ्रेंच वृत्तपत्रानं पॅरिस ते रुआँ अशी बिनघोड्याच्या गाड्यांची स्पर्धा भरवली. सर्वांत आधी पोहोचला काउंट द दियाँ, आपल्या वाफेच्या गाडीतून. पण पहिलं बक्षीस त्याला मिळालं नाही. त्याच्या गाडीला भट्टीत इंधन टाकायला दुसरा माणूस लागत होता, आणि अशी गाडी स्पर्धेच्या अटींत बसत नाही असं पंचांचं मत पडलं. पहिलं बक्षीस प्यूजो आणि पानार या कंपन्यांच्या पेट्रोल गाड्यांत वाटलं गेलं. मात्र काउंट आधी पोहोचला की नाही यावर कुणाचं दुमत नव्हतं. वाद अटीच्या अर्थाचा होता. रस्ता एक, गाडी एक, बघणारे शेकडो. नंतरच्या सव्वाशे वर्षांत मोटार शर्यतींचे नियम जाडजूड ग्रंथांएवढे वाढले, पण ते सगळे 'घटना एकच घडली' हे गृहीत धरून लिहिलेले आहेत.

सिम रेसिंगमध्ये ते गृहीतच कोसळतं. त्याचं कारण समजायला थोडं समुद्रावर जावं लागेल. किनारा दिसेनासा झाला की जुने दर्यावर्दी आपलं स्थान अंदाजानं काढत. शेवटचं पक्कं ठिकाण कुठलं, तिथून दिशा कोणती धरली, वेग किती, वेळ किती झाला, एवढ्यावरून नकाशावर खूण करायची. इंग्रजीत याला 'डेड रेकनिंग' म्हणतात. १९८०च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेनं 'सिमनेट' नावाचं जाळं उभं केलं. वेगवेगळ्या तळांवरच्या सैनिकांनी कृत्रिम रणगाड्यांत बसून एकाच कृत्रिम रणांगणावर लढायचं, अशी कल्पना. त्या काळच्या तारांतून प्रत्येक रणगाड्याची प्रत्येक हालचाल क्षणोक्षणी पाठवणं अशक्य होतं. मग खलाशांची युक्ती उचलली गेली. प्रत्येक संगणक इतरांच्या रणगाड्यांचं स्थान अंदाजानं काढत राही आणि नवी खबर आली की दुरुस्त करी. युक्तीचं नावही तेच राहिलं.

आज भाच्याच्या संगणकात तीच युक्ती चालते. त्याची स्वतःची गाडी त्याला आत्ताची दिसते. बाकी एकवीस गाड्या म्हणजे किंचित जुन्या खबरीवरून बांधलेले अंदाज. हिशेब करून पाहा. ताशी २०० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात साधारण साडेपंचावन्न मीटर जाते. खबर यायला सेकंदाचा दहावा भाग लागला तर तेवढ्यात ती साडेपाच मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. समोरच्यानं त्याच क्षणी ब्रेक दाबला असेल तर अंदाज आणि वास्तव यांत फरक पडू शकतो. भाच्याच्या पडद्यावर अंतर होतं आणि त्या मुलाच्या पडद्यावर धडक होती, ती यामुळे. त्या दोघांनी शब्दशः दोन वेगळ्या शर्यती चालवल्या होत्या.

हे सगळं हौशी लोकांच्या अंगावर पहिल्यांदा आलं ते १९९०च्या दशकात. अमेरिकेत डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी १९८७ मध्ये 'पपायरस' नावाची कंपनी काढली होती. गाडीचं वजन, टायरची पकड, निलंबन यांचं गणित प्रामाणिकपणे मांडणारे खेळ ही तिची ओळख. १९९८ साली तिचा 'ग्रां प्री लेजंड्स' आला. १९६७च्या फॉर्म्युला वन हंगामातल्या गाड्या, पंख नसलेल्या, अरुंद टायरच्या, जराशा चुकीनं गरगर फिरणाऱ्या. बाजारात तो फार चालला नाही. पण ज्यांना लागला त्यांना असा लागला की टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमची किरकिर ऐकत, ते युरोप-अमेरिकेत एकमेकांविरुद्ध शर्यती लावू लागले. एकमेकांना गाठायची सोयही खेळाडूंनीच बांधली, आणि ठरावीक मापाच्या वेळांशी तुलना करून क्रमवारी लावायची पद्धतही.

कंपनीनं खेळ दिला होता, न्यायालय दिलं नव्हतं. ते या मंडळींनी स्वतः उभं केलं. मला या इतिहासात सर्वांत आवडलेला भाग हाच. कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी विद्यार्थी. पगार नाही, बक्षीस नाही. शर्यत संपल्यावर तिची नोंद, म्हणजे रिप्ले, लावायचा आणि वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा पाहायचा. हळूहळू रिवाज पडत गेले. पहिल्या वळणावर सगळ्यांनी जपून जायचं, कारण तिथं गर्दी असते आणि अंदाज सर्वांत जास्त चुकतात. मागून येणाऱ्यानं अंतर राखायचं, कारण समोरच्याला तो कुठे दिसतोय हे त्याला माहीत नसतं. रस्ता सोडून गवतात गेलेल्यानं मोकळी जागा बघूनच परत यायचं. गाड्या गायब होत, उड्या मारत दिसू लागल्या तर ज्याची जोडणी खराब आहे त्यानं स्वतःहून बाजूला व्हायचं. आणि 'कुणाचा रिप्ले खरा' हा प्रश्न सोडवायला बहुतेक लीगमध्ये एक तह झाला. दोघांचेही नाही, सर्व्हरवर नोंदलेली शर्यत हीच खरी मानायची. सर्व्हरचं चित्रही अंदाजच असतो, पण तो दोघांपैकी कुणाचाच नसतो. काही लीगमध्ये त्याच रात्री तक्रार घेतच नाहीत. एक रात्र जाऊ द्या, मग लिहा. हा नियम ज्याला सुचला तो माणूस घरातल्या वाटण्या पाहिलेला असणार.

यातही लबाडी होतीच. हरायची वेळ आली की तार उपसणारे होते. खेळाच्या फायली बदलून गाडीला जादा ताकद देणारे होते. एका नावानं बंदी आली की दुसऱ्या नावानं परतणारे तर फार. स्वयंसेवक पंच यापुढे थकत. लीग मोडण्याचं नेहमीचं कारण पैसा नव्हे, पंचांचा वैताग असे.

पपायरस २००४ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी केमर यांनी जॉन हेन्री यांच्याबरोबर 'आयरेसिंग' सुरू केली. हे हेन्री म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे आणि पुढे लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे मालक. २००८ मध्ये ती सेवा लोकांसाठी खुली झाली आणि तिनं दोन गोष्टी बदलल्या. पहिली, खरं नाव. टोपणनाव चालणार नाही. ही साधी वाटणारी अट फार मोठी होती, कारण आता अब्रू पणाला लागली. दुसरी त्याहून धाडसी. कंपनीनं ठरवलं की नेहमीच्या धडकांत दोष कुणाचा हे शोधायचंच नाही.

पद्धत अशी. गाडीची चाकं रस्त्याबाहेर गेली तर एक गुण विरोधात, ताबा सुटून गाडी फिरली तर दोन, दुसऱ्या गाडीला जोरात धडक बसली तर चार. हे चार गुण दोघांनाही. मारणाऱ्यालाही, खाणाऱ्यालाही. मग तुम्ही किती वळणं पार केली आणि त्यामागे असे किती गुण जमवले याच्या सरासरीवरून तुमचं सुरक्षिततेचं मानांकन ठरतं, आणि त्यावरून तुम्हाला कोणत्या दर्जाच्या शर्यतीत उतरता येईल हे ठरतं. वेगाचं मानांकन वेगळं. त्याची जात बुद्धिबळातल्या अर्पाद एलो या प्राध्यापकाच्या पद्धतीची, जी जागतिक बुद्धिबळ महासंघानं १९७० मध्ये स्वीकारली. नावनोंदणी जास्त झाली की खेळाडूंचे गट या मानांकनावरून पाडले जातात, म्हणजे नवशिक्याला उस्तादासमोर उभं राहावं लागत नाही. मुद्दाम ठोकणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते आणि ती माणसंच तपासतात. पण रोजच्या हजारो धडकांना वकील नाही, साक्षीदार नाही, फक्त मोजणी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा उघड अन्याय वाटला. ज्याला ठोकलं त्यालाच शिक्षा? दंगलीनंतर दोन्ही बाजूंच्या सारख्याच पोरांना उचलणारा फौजदार आपल्याकडे पाहिलेला असतो, त्याची आठवण झाली. नंतर मत थोडं बदललं. एका शर्यतीपुरता हा अन्यायच आहे. पण शंभर शर्यतींत, जो नेहमी दुसऱ्याला ठोकतो तो प्रत्येक वेळी तिथं हजर असतो, आणि ज्याला ठोकलं जातं तो अधूनमधून. सरासरीत दोघे वेगळे पडतात. शिवाय लोक धडक टाळायला शिकले. 'माझा हक्क होता' असं म्हणत वळणात घुसण्यापेक्षा जागा सोडणं परवडू लागलं. तरीही मला वाटतं, ही पद्धत चालते ती रोज शर्यती लावणाऱ्या हजारोंच्या गर्दीत. आठ शर्यतींच्या हौशी हंगामात सरासरीला जागाच नसते. तिथं एक चुकीचा दंड म्हणजे अख्खा हंगाम. म्हणून हौशी लीगना आजही हाडामांसाचे पंच लागतात.

२०२० साली टाळेबंदीत खऱ्या शर्यती थांबल्या आणि व्यावसायिक चालक या हौशींच्या अंगणात आले. त्यांनी नियम शिकवले असतील असं वाटेल. झालं उलटं. २ मे रोजी आयरेसिंगवर इंडियानापोलिसच्या आभासी मैदानात शर्यत झाली. शेवटच्या फेऱ्यांत मॅक्लारेनचा लँडो नॉरिस आघाडीवर असताना, आदल्या वर्षीची खरी इंडी ५०० जिंकलेल्या सिमॉन पाजेनोची गाडी संथ होऊन त्याच्या वाटेत आली आणि नॉरिस बाद झाला. पाजेनोचं बोलणं थेट प्रक्षेपणात ऐकू येत होतं, त्यामुळे हे मुद्दाम केल्याचा आरोप झाला. खऱ्या मैदानात ताशी साडेतीनशेच्या वेगाला कुणी असं करणार नाही, कारण तिथं मरण असतं. जिथं मरणाची भीती नसते तिथं फक्त नियम आणि लाज उरते. हौशी मंडळी वीस वर्षं त्यावरच चालली होती.

त्याच महिन्यात २३ तारखेला फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेची आभासी शर्यत झाली. ऑडीचा डॅनियल आप्ट एरवी मागे असायचा, त्या दिवशी एकदम तिसरा आला. स्टॉफेल व्हॅनडोर्ननं तिथल्या तिथं शंका काढली की गाडीत आप्टच आहे ना. व्हिडिओत चेहरा नीट दिसत नव्हता. चौकशीत निघालं की आप्टच्या जागी अठरा वर्षांचा एक कसलेला सिम रेसर बसला होता. आप्टला बाद केलं, दहा हजार युरो धर्मादाय संस्थेला द्यायला लावले, आणि ऑडीनं त्याला खऱ्या संघातूनही निलंबित केलं.

हे वाचताना मला एकदम सातव्या शतकातलं मदिना आठवलं. तिथल्या घोड्यांच्या शर्यतींबद्दल हदीस-संग्रहांत बारीक तपशील आहेत. अबू दाऊदच्या संग्रहात शर्यतीत दोन गोष्टींची मनाई आहे, 'जलब' आणि 'जनब'. जलब म्हणजे आपल्या घोड्यामागे माणूस लावून आरडाओरडा करून त्याला पिटाळणं. जनब म्हणजे बाजूनं दुसरा ताजा घोडा धावता ठेवणं आणि आपला दमला की त्यावर उडी मारणं. आप्टनं स्वार बदलला, जनबमध्ये घोडा बदलतात, एवढाच फरक. बुखारीच्या संग्रहात इब्न उमर सांगतात की पैगंबरांनी, ज्यांना खास खुराक देऊन आणि घाम काढून तयार केलं होतं अशा घोड्यांची शर्यत अल-हफया ते सनियतुल-वदा अशी, पाच-सहा मैलांची ठेवली, आणि अशी तयारी नसलेल्यांची सनियतुल-वदा ते बनू झुरैकची मशीद अशी, साधारण एक मैलाची. तयार आणि बिनतयार यांना वेगळं धावू द्यायचं, हा गट पाडण्याचाच विचार.

आणि पैशाचा प्रश्नही तेव्हाचाच. भाच्याच्या लीगला प्रत्येकी पाचशे रुपये फी आहे. त्यातून सर्व्हरचं भाडं जातं, उरलेलं पहिल्या तिघांना मिळतं. भाच्याला दंड झाला त्याच आठवड्यात आपानं मला विचारलं, "हे जुगारात तर मोडत नाही ना?" मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण फकीहांनी, म्हणजे इस्लामी विधिज्ञांनी, यावर किती डोकं लावलं होतं ते तिला सांगितलं. बक्षीस तिसऱ्यानं, उदाहरणार्थ शासकानं, दिलं तर अडचण नाही. दोघा स्पर्धकांनी स्वतःचे पैसे लावले तर तो जुगार होतो. त्यावर अनेकांनी तोडगा काढला 'मुहल्लिल'चा. पैसे न लावता उतरणारा तिसरा स्पर्धक, ज्याला जिंकायची खरी संधी आहे. त्याचा घोडा मरतुकडा असेल आणि तो हरणार हे आधीच ठाऊक असेल तर तो मुहल्लिल धरायचा नाही. मालिकी पंथानं हा तोडगा मानला नाही, पुढे इब्न कय्यिम यांनीही 'अल-फुरूसिया' या ग्रंथात त्याविरुद्ध लिहिलं. आपाला हे सगळं ऐकून समाधान झालं नाही. तिनं भाच्याला फी सर्व्हरपुरतीच ठेवायला लीगला सांग म्हणून बजावलं.

पैसा मोठा झाला की काय होतं हे जानेवारी २०१७ मध्ये लास व्हेगासला दिसलं होतं. फॉर्म्युला ईचे वीस चालक आणि दहा सिम रेसर, एकूण बक्षीस दहा लाख डॉलर. फिनलंडचा ओली पहकाला पहिला आला. मग कळलं की प्रेक्षकांच्या मतांवर मिळणारी जादा ताकद संगणक प्रणालीतल्या दोषामुळे त्याच्या गाडीला ठरल्यापेक्षा जास्त वेळ मिळत राहिली. त्यानं लबाडी केली नव्हती. तरी बारा सेकंदांचा दंड बसला आणि दोन लाख डॉलरचं पहिलं बक्षीस नेदरलँड्सच्या बोनो हाउसला गेलं. यंत्रच चुकलं तर शिक्षा कुणाला, याला त्या रात्री कुणाकडे चांगलं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

आपल्या मुलांची अडचण याहून साधी आहे. सगळ्यांना एकसारखी बांधलेली गाडी द्या, जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला वजन टाका, हे उपाय लीग करतात. पण स्टीअरिंग ज्याचं त्याचं असतं. कुणाचं वीस हजारांचं, कुणाचं लाखाच्या वरचं. कुणाच्या घरी फायबर, कुणाच्या घरी संध्याकाळी सगळं कुटुंब मोबाइल बघायला बसलं की जोडणी अडखळते. सर्व्हर युरोपात असला तर भारतातून खबर जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग सहज लागतो, आणि तो साडेपाच मीटरचा हिशेब मी वर मांडला आहेच. यावर नियम नाही. काही लीग ठरावीक उशिरापलीकडच्याला उतरूच देत नाहीत. शर्यत स्वच्छ होते, पण बाहेर राहतो तो बहुधा लहान गावातला मुलगा.

भाच्यानं अपील केलं. पंचांनी सर्व्हरचा रिप्ले पुन्हा पाहिला, त्यात धडक होती, दंड कायम राहिला. त्यांनी लिहिलेल्या चार ओळी मी वाचल्या. त्यात 'तुझ्या पडद्यावर अंतर दिसत होतं हे आम्हाला मान्य आहे' असं एक वाक्य होतं. भाचा त्या वाक्यावर आठवडाभर चिडला होता, मग शांत झाला. पुढच्या हंगामापासून लीगनं ठरवलं की ज्या शर्यतीत आपण नाही त्या गटाचं पंचपद प्रत्येकानं पाळीनं करायचं. त्याची पाळी तिसऱ्या आठवड्यात आली. रात्री पुन्हा फोन. या वेळी एक सर्व्हरचा आणि दोन खेळाडूंचे असे तीन रिप्ले पाठवून म्हणाला, "मामू, जरा तुम देखो ना." मी तिन्ही पाहिले, चार-चार वेळा. दोघांपैकी कोण खोटं बोलतंय हे मला सांगता आलं नाही. तो रात्री दोनपर्यंत बघत बसला होता, असं आपा म्हणाली.